एअर ब्रेकचं शिकवणी पॅनेल आणि जड वाहनाचा परवाना: प्रकल्प नोंदी, चाकण

६ जानेवारी २०२५ : कशासाठी

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ७. ट्रान्सपोर्ट वाहनाचं लर्निंग मिळण्याआधी हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असावा लागतो. म्हणजे ट्रकवर येणारा मुलगा आधी वर्षभर कार, छोटा हत्ती नाहीतर ४०७ चालवून आलेला असतो. या गाड्यांचा ब्रेक तेलावर चालतो. पेडल खोल गेलं की भराभर दोन-तीन पंप मारायचे, दाब येतो, हे त्याच्या पायात बसलेलं असतं. एअर ब्रेक टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालतो; तिथे हाच पाय टाकीतली हवा संपवतो.

परवान्याच्या चाचणीत ही सवय उघडी पडत नाही. ट्रेनिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात ब्रेकची तोंडओळख असते, पण हवेच्या दाबाची तपासणी उमेदवाराला स्वतः करून दाखवावी लागत नाही, आणि एअर ब्रेकचा वेगळा शेराही परवान्यावर येत नाही. अमेरिकेत व्यावसायिक परवान्यासाठी हवेच्या ब्रेकची तपासणी करून दाखवता आली नाही किंवा चाचणीची गाडी पूर्ण एअर ब्रेकची नसली, तर परवान्यावर ‘एल’ निर्बंध पडतो. कॅनडात ओंटारिओमध्ये ‘झेड’ शेरा वेगळा काढावा लागतो. आपल्याकडे ही जबाबदारी शिकवणाऱ्यावर आहे, म्हणून हे पॅनेल.

पॅनेलवर तीन गोष्टी दिसायला हव्यात: हवा कुठून कुठे जाते, किती खर्च होते, आणि संपली की काय होतं. कट-सेक्शनचे रंगीत मॉडेल बाजारात मिळतात. त्यात हवा नसते, त्यामुळे त्यांचा उपयोग भिंत सजवण्यापुरता.

९ जानेवारी : सामान

८ बाय ४ फुटी, १८ मिमी प्लायवूड. मागे ४० × ४० × ५ ची अँगल फ्रेम, खाली लॉक असलेली चाकं. २० लिटरच्या तीन टाक्या: एक ओली (कॉम्प्रेसरची हवा आधी हिच्यात येते, पाणी इथे साठतं), एक मागच्या सर्किटची (म्हणजे मागच्या चाकांच्या ब्रेकची हवा), एक पुढच्या सर्किटची. अनलोडर व्हॉल्व्ह (दाब भरला की जादा हवा बाहेर सोडणारा), फोर-सर्किट प्रोटेक्शन व्हॉल्व्ह (एक सर्किट फुटलं तरी बाकीच्यांची हवा राखणारा), ड्युअल ब्रेक व्हॉल्व्ह म्हणजे पेडलखालचा फूट व्हॉल्व्ह, हँडब्रेकचा व्हॉल्व्ह, मागच्यासाठी रिले व्हॉल्व्ह, पुढच्यासाठी क्विक रिलीज (चेंबरची हवा तिथल्या तिथे सोडणारा). पुढे टाइप २० चे दोन साधे चेंबर (हवा भरली की ब्रेकचा दांडा ढकलणारे डबे), मागे टाइप २४ चे दोन स्प्रिंग ब्रेक चेंबर (यांत हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावते). पाच गेज, लो-प्रेशर स्विच आणि बझर, २४ व्होल्टची जोडणी.

मागचा डावा चेंबर भंगारातल्या एक्सलच्या खऱ्या ड्रमवर बसणार: एस-कॅम (शू पसरवणारा एस आकाराचा कॅम), शू, लायनर (शूवरचं घासणारं अस्तर), स्लॅक अॅडजस्टर (चेंबरचा दांडा आणि कॅम जोडणारा, गॅप कमी-जास्त करता येणारा लिव्हर) सगळं जागेवर. उजवा चेंबर स्टॉपर बोल्टवर, म्हणजे त्याचा स्ट्रोक (दांडा किती बाहेर येतो ते) हवा तसा बांधता येईल. ड्रमवर मुद्दाम जुना, हाताने फिरवायचा स्लॅक घेतला आहे. ऑटो स्लॅक दर वेळी स्वतःच गॅप भरून काढतो, मग सैल ब्रेक दाखवता येत नाही. एक ऑटो स्लॅक कापून शेजारी टांगायचा.

भंगारातले स्प्रिंग चेंबर आणताना एकच नियम: केजिंग बोल्ट (स्प्रिंग दाबून ठेवणारा बोल्ट) लावून स्प्रिंग दाबलेली असल्याशिवाय उचलायचे नाहीत, आणि स्प्रिंगच्या बाजूचा क्लॅम्प कधीच उघडायचा नाही. आत शेकडो किलोंचा जोर दाबून बसलेला असतो. गंजलेला क्लॅम्प हातोडीने ठोकून उघडण्याची पद्धत गॅरेजमध्ये दिसते. त्यात माणसं मेली आहेत. डेंट पडलेला किंवा गंजाने पातळ झालेला चेंबर घ्यायचाच नाही, फुकट मिळाला तरी.

१४ जानेवारी : नळ्या

पोर्टवरचे आकडे आधी वाचायचे. १ म्हणजे हवा आत, २ म्हणजे पुढे, ३ म्हणजे बाहेर (एक्झॉस्ट), ४ म्हणजे हुकूम देणारी हवा. फूट व्हॉल्व्हवर ११ आणि १२ आत, २१ आणि २२ बाहेर: पहिलं सर्किट मागचं, दुसरं पुढचं. हे आकडे कंपनी बदलली तरी बदलत नाहीत, त्यामुळे मुलांना रंगापेक्षा आकड्यावरून नळी ओळखायला लावायची. रस्त्यावर बदललेल्या नळीचा रंग कोण बघतो?

टाकीपासून रिलेपर्यंत १२ मिमीची नायलॉन नळी, हुकमाच्या लाइनला ८ मिमी. नळी सरळ काटकोनात कापायची. तिरकी कापली की ऑलिव्ह (नळीवर आवळून बसणारी कडी) बसत नाही. आत पितळी बाही घातली नाही तर नट आवळताना नळी चेपते. तेव्हा गळत नाही, गरम झाल्यावर निसटते. थ्रेडला टेफ्लॉन टेप लावायची नाही. तिचा तुकडा सुटून रिलेच्या सीटवर बसला की ब्रेक सोडल्यावरही ३ नंबरमधून हवा येत राहते आणि दोष रिलेवर जातो.

रिले व्हॉल्व्ह मागच्या चेंबरशेजारीच. तो पेडलपाशी लावला तर त्याचा अर्थच राहत नाही. पेडलची हवा लांबच्या नळीतून चेंबर भरायला गेली की वेळ जातो. रिले असला की पेडलकडून फक्त हुकूम जातो आणि हवा जवळच्या टाकीतून भरते. तरीही थोडा उशीर राहतोच. अर्धा सेकंद धरला तर ताशी ६० किमीला गाडी तेवढ्यात ८ मीटर पुढे जाते. तेलाच्या ब्रेकवरून आलेल्या मुलाने हे ८ मीटर पुढच्या गाडीपासूनच्या अंतरात धरायचे.

१८ जानेवारी : कॉम्प्रेसर

इंजिनचा कॉम्प्रेसर पॅनेलवर फिरवायला मोटर लागते, त्यामुळे वर्कशॉपचा वापरला. इथे दोन अडचणी येतात आणि दोन्हींचं कारण वेगळं आहे.

पहिली: वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच ८ बारला मोटर बंद करतो. अनलोडरचा कट-आउटही (हवा बाहेर सोडायला लागतो तो दाब) ८ च्या आसपास. मग अनलोडर कधी उडतच नाही आणि मुलांना तो ‘फुस्स’ ऐकू येत नाही. टाकीच्या प्लेटवर परवानगी असेल तरच स्विच १० बारला न्यायचा, आणि पॅनेलच्या ओल्या टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह लावूनच.

दुसरी: या कॉम्प्रेसरला स्वतःची मोठी टाकी असते. अनलोडर उघडला की ती सगळीच्या सगळी बाहेर रिकामी व्हायला लागते. ट्रकवर मागे अशी टाकी नसते, फक्त इंजिनच्या फेऱ्यांएवढी हवा बाहेर जाते. उपाय: मधल्या लाइनला नीडल व्हॉल्व्ह लावून प्रवाह बारीक करणे. आता कट-आउट ८ बार, कट-इन (पुन्हा टाकी भरायला लागतो तो दाब) ७ च्या थोडं वर, आणि दाब चढायला ट्रकएवढाच वेळ लागतो. तो वेळही शिकवण्याचा भाग आहे. अमेरिकी नियमात दुहेरी सर्किटच्या गाडीचा दाब इंजिन चालू असताना ८५ वरून १०० पीएसआयला (५.९ वरून ६.९ बार) ४५ सेकंदांत चढावा लागतो. न चढल्यास कॉम्प्रेसरचे रिंग, एअर फिल्टर किंवा गळती बघायची.

२२ जानेवारी : गळती

साबणाचं पाणी आणि ब्रश. आधी सगळं सोडलेलं, मग पेडल दाबून धरलेलं, मग हँडब्रेक सोडलेला. या तीन अवस्था वेगळ्या तपासल्या नाहीत तर निम्मी गळती सापडत नाही:

पेडल दाबल्यावरच गळतं: चेंबरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलेला, किंवा चेंबरची नळी.
हँडब्रेक सोडल्यावरच रिलेच्या ३ नंबरमधून हवा येते: स्प्रिंग चेंबर आणि सर्व्हिस चेंबर (पेडलच्या ब्रेकचा) यांच्यामधला सील गेला. हा सगळ्यात फसवा दोष. मेकॅनिक रिले बदलतो, पैसे घेतो, गळती तशीच.
कायम गळतं: टाकी, फिटिंग, फोर-सर्किट व्हॉल्व्ह.

कंप्रेसर बंद ठेवून मोजायची मर्यादा, ट्रेलर नसलेल्या गाडीला: सोडलेल्या अवस्थेत मिनिटाला २ पीएसआय, दाबलेल्या अवस्थेत ३ पीएसआय, म्हणजे साधारण ०.१४ आणि ०.२ बार. अमेरिकेतल्या चालकाच्या चाचणीतले हे आकडे आहेत; यार्डातल्या रोजच्या तपासणीलाही तेच ठेवले. डॅशबोर्डच्या गेजवर ०.१४ बार दिसत नाही, म्हणून पाच मिनिटं थांबून ०.७ बारपेक्षा जास्त पडलं का ते बघायचं.

३० जानेवारी : मुख्य प्रयोग, हवा किती आणि पेडल किती वेळा दाबता येतं

या पॅनेलचं सगळं काम या एका प्रयोगासाठी आहे.

दोन्ही टाक्यांच्या आधीचे बॉल व्हॉल्व्ह बंद केले, म्हणजे एका सर्किटला दुसऱ्याची हवा मिळणार नाही. मागच्या टाकीत ८ बार. पेडल पूर्ण दाबायचं, गेज स्थिरावू द्यायचा, पूर्ण सोडायचं. बझर ४.५ बारला.

पुशरॉडचा (चेंबरच्या दांड्याचा) स्ट्रोक दोन्हीकडे २५ मिमी: दहाव्यांदा दाबल्यावर बझर.
स्ट्रोक ५० मिमी: सहाव्यांदा दाबल्यावर बझर.

हिशेब फळ्यावर मांडायचा. टाइप २४ म्हणजे डायफ्रामचं क्षेत्र २४ चौरस इंच, साधारण १५५ चौरस सेंटिमीटर. २५ मिमी स्ट्रोकला एका चेंबरमध्ये ०.३९ लिटर जागा भरावी लागते, ५० मिमीला ०.७८. दोन चेंबर, नळ्या आणि चेंबरमधली मूळची पोकळी धरून एका दाबाला अंदाजे १.१ लिटर विरुद्ध १.८५ लिटर. २० लिटरच्या टाकीतून प्रत्येक वेळी एवढ्या जागेत हवा पसरते आणि सोडलं की तेवढी बाहेर जाते. गेजवरच्या ८ बारमध्ये वातावरणाचा १ बार मिळवायला विसरायचं नाही, नाहीतर उत्तर चुकतं.

पेडल दाबून तसंच धरलं तर गेज हलत नाही. हवा खर्च होते ती सोडताना. म्हणून उतारावर पाय नाचवणारा ड्रायव्हर टाकी रिकामी करतो, आणि त्याला वाटतं आपण ब्रेक जपतोय.

टाइप २४ च्या साध्या चेंबरला पुशरॉडची मर्यादा पावणेदोन इंच, ४४ मिमी. टाइप २० लाही तेवढीच. टाइप ३० ला दोन इंच, ५१ मिमी. मोजताना दाब साडेसहा ते सात बार, पेडल पूर्ण दाबलेलं. हाताने दांडा ओढून मोजलेला आकडा यात धरायचा नाही. लाँग-स्ट्रोक चेंबरची मर्यादा वेगळी असते, त्यावर खूण असते.

५ फेब्रुवारी : स्लॅक

चाकांना अडसर लावायचे, हँडब्रेक सोडायचा, दाब पूर्ण. हाताच्या स्लॅकची लॉकिंग कॉलर स्पॅनरने आत दाबून षट्कोनी डोकं फिरवायचं, शू ड्रमला टेकेपर्यंत. मग अर्धा फेरा मागे, चाक मोकळं फिरतंय का बघायचं. कोणत्या दिशेला फिरवायचं याचा गोंधळ नेहमीचा: शू टेकताना एस-कॅमचा दांडा ब्रेक लागतो त्याच दिशेला वळला पाहिजे. उलटा वळला तर आपण सैल करतोय. काम झाल्यावर कॉलर पुन्हा बाहेर आली नाही तर स्लॅक रस्त्यावर आपोआप सैल होतो.

दाबलेल्या अवस्थेत पुशरॉड आणि स्लॅक यांच्यात साधारण ९० अंश हवेत. ६ बारला टाइप २४ मधून साधारण ९५० किलोचा जोर निघतो, पण कोन बिघडला की तो पूर्ण कॅमपर्यंत पोचत नाही.

ऑटो स्लॅक असलेल्या गाडीचा स्ट्रोक जास्त आला तर तो हाताने आवळून गाडी सोडायची नाही. ऑटो स्लॅक स्वतः भरून काढतो. काढत नसेल तर कॅमचा बुश झिजलाय, ब्रॅकेट वाकलंय, स्लॅकला ग्रीस नाही, किंवा तो आतून गेलाय. आवळलं की आठवड्यात पुन्हा तेच, आणि मधल्या काळात घाटात काय होईल ते होईल.

११ फेब्रुवारी : घाटाचा हिशेब

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार या भागातल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल मारून सोडायची पद्धत तिथे वर्षानुवर्षं चालली. वर्गात भाषण देण्यापेक्षा आकडे.

दहा टायरी गाडी, पासिंगप्रमाणे एकूण वजन २८.५ टन. २०० मीटर उंची उतरली तर २८,५०० × ९.८१ × २००, म्हणजे साधारण ५६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. न्यूट्रलमध्ये ती जवळपास सगळी ड्रममध्ये जाते. सहा ड्रम, एकाचं वजन ५० किलो धरलं तर ३०० किलो लोखंड. वाऱ्याने थंड होणं सोडून दिलं तर ड्रमचं तापमान ४०० अंशांनी चढतं. वारा थोडं कमी करतो, पण लायनरची पकड त्याआधीच सुटायला लागते.

दुसरा परिणाम पॅनेलवर दाखवता येतो. ४१० मिमी व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला की व्यास साधारण दीड मिमी वाढतो. शूला तेवढं लांब जावं लागतं, कॅम आणि स्लॅकच्या गुणोत्तरामुळे पुशरॉड एक सेंटिमीटरहून जास्त बाहेर येतो. यार्डात ४० मिमीवर ‘चालेल’ म्हणून सोडलेली गाडी उतारावर ५० च्या पुढे. तिथे चेंबरचा जोर संपतो, आणि मघाचा सहा वेळा दाबण्याचा हिशेब लागू होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर असल्याने कॉम्प्रेसर हवाही कमी देतो.

‘मग हँडब्रेक ओढू’ हे उत्तर दर बॅचमध्ये येतं. हँडब्रेकची स्प्रिंग त्याच शूला त्याच तापलेल्या ड्रमवर दाबते, आणि लांब स्ट्रोकला स्प्रिंगचा जोर आणखी कमी. पार्किंगसाठी ठीक.

शिकवायची पद्धत: उतार सुरू होण्याआधी गिअर खाली, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) चालू. एक वेग ठरवायचा, समजा ४०. तिथे पोचल्यावर ठाम दाबून तीनेक सेकंदांत ८–१० किमीने कमी करायचा, पूर्ण सोडायचा, पुन्हा ४० होईपर्यंत हात लावायचा नाही. उतरताना गिअर बदलायला निघायचं नाही; न्यूट्रलमध्ये अडकून परत पडला नाही तर वरचा सगळा हिशेब सुरू.

१९ फेब्रुवारी : पाणी आणि ड्रायर

ओल्या टाकीत मुद्दाम अर्धा लिटर पाणी घालून ड्रेन उघडायला लावलं. पाणी दिसतं तेव्हा पटतं. कोकणात पावसाळ्यात ड्रायरची (हवेतलं पाणी शोषणाऱ्या भागाची) कार्ट्रिज थकली की तिन्ही टाक्यांत पाणी येतं. ते हवेची जागा खातं, व्हॉल्व्ह गंजवतं. पाण्याबरोबर काळं तेल निघालं तर कॉम्प्रेसरचे रिंग गेलेत. अशा गाडीची नुसती कार्ट्रिज बदलली तर नवीही लवकरच तेलाने बंद पडते.

२६ फेब्रुवारी : परवान्याची कागदपत्रं

बॅचमधल्या शंका एकत्र करून फलक लावला. मजकूर:

ट्रान्सपोर्ट वाहनासाठी वय २० पूर्ण. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी नाही. लर्निंग सहा महिने चालतं. अर्ज सारथी पोर्टलवर. वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना १-अ, ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्र नमुना ५. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली. एजंट अजून त्यावर पैसे मागतात, द्यायचे नाहीत.

१ जुलै २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात मध्यम आणि जड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. तिथून उत्तीर्ण झाल्यास आरटीओची ड्रायव्हिंग चाचणी द्यावी लागत नाही. म्हणजे एअर ब्रेक शिकवायची जबाबदारी अशा केंद्रावर दुप्पट.

ट्रान्सपोर्ट परवान्याची मुदत पाच वर्षं, धोकादायक माल वाहणाऱ्याची तीन. टँकरवाल्यांना तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणं आवश्यक. नूतनीकरण मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस परवाना चालायचा, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही परवान्याशिवाय आहात. वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी.

सर्वोच्च न्यायालयाचा ६ नोव्हेंबर २०२४ चा निकाल फलकावर ठळक लिहावा लागला, कारण अर्धवट ऐकून गैरसमज पसरलाय. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर वेगळ्या शेऱ्याशिवाय ट्रान्सपोर्ट वाहन चालवता येतं, पण एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचंच. दहा टायरीला तो निकाल लागू नाही. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकावर कलम १८० आहे. दंड पाच हजार रुपये, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

५ मार्च : तपासणीचा क्रम

पॅनेलवर शिकून झाल्यावर प्रत्येकाने खऱ्या गाडीवर, न विचारता, हा क्रम करून दाखवायचा. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

चाकांना अडसर. टाक्यांचे ड्रेन ओढून पाणी काढणे. इंजिन चालू, दाब कट-आउटपर्यंत, अनलोडरचा आवाज ऐकणे. इंजिन बंद, हँडब्रेक सोडून पाच मिनिटं गेज. मग पेडल दाबून एक मिनिट गेज, मदतनीस चाकांपाशी कान लावून. इग्निशन चालू ठेवून पेडल मारत दाब उतरवणे, बझर आणि दिवा कितीला येतो ते बोलून दाखवणे. आणखी उतरवून स्प्रिंग ब्रेक स्वतःहून पकडतो का बघणे. पुन्हा दाब भरणे, इंजिन बंद, पेडल दाबून प्रत्येक पुशरॉडचा स्ट्रोक खडूच्या खुणेने मोजणे. शेवटी अडसर काढून हँडब्रेक लावून पहिल्या गिअरमध्ये हलकी ओढ, आणि चालत्या वेगात एक सर्व्हिस ब्रेक, गाडी एका बाजूला खेचते का.

बझर न वाजणारी गाडी यार्डातून बाहेर नाही. वायर तोडलेला बझर बऱ्याच गाड्यांवर सापडतो, आवाजाचा त्रास होतो म्हणून.

१२ मार्च : राहिलेली कामं

एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) मॉड्युलेटर आणि सेन्सर रिंग पॅनेलवर नाही. नव्या गाड्यांवर २०१५ पासून तो असतोच, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात घ्यायचा. जुना अनलोडर आणि फोर-सर्किट व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागी एकत्रित डीडीयू (ड्रायर आणि हवेचं वाटप एकाच डब्यात) लावण्याची मागणी मेकॅनिकांकडून आहे. ती चुकीची नाही, पण एका डब्यात सगळं गेलं की मुलांना आत काय होतं ते दिसणार नाही. दोन्ही शेजारी लावून बॉल व्हॉल्व्हने अदलाबदल करता येईल. त्यासाठी प्लायवूडची उजवी दोन फूट जागा मोकळी ठेवली आहे, नळ्यांचे छेद मारून ठेवले आहेत.